डावं पान, उजवं पान

गेल्या वर्षी ७ जुलैला सकाळी आईनं विचारलं, "आज तारीख काय गं?"

मी चहा गाळत होते. "सात," म्हटलं.

"आणि?"

"आणि काय?"

"आणि या दिवशी काय झालं होतं? पेपरातला दिनविशेष मी कधी चुकवला नाही. आता मला दिसत नाही, तर तू वाच."

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला म्हणतात तो, चार वर्षांपासून हळूहळू निकामी होत आलाय. तिला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. ताटाची कड कळते, ताटात काय वाढलंय ते कळत नाही. नीट बघायचं असेल तर ती मान थोडी वळवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. अनोळखी माणसाला वाटतं, ही आपल्याकडे लक्ष देत नाहीये. खरं तर तेव्हाच ती सगळ्यात जास्त लक्ष देत असते.

त्या सकाळी मी फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं. ७ जुलै १९२८ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, चिलिकोथी नावाच्या गावातल्या एका बेकरीनं यंत्रानं कापलेला ब्रेड पहिल्यांदा विकायला ठेवला. यंत्र बनवणारा ऑटो रोवेडर हा मूळचा जवाहिऱ्या. १९१७ मध्ये लागलेल्या आगीत त्याचा पहिला नमुना आणि सगळे आराखडे जळाले होते, त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अडचण कापण्याची नव्हतीच. कापलेला ब्रेड लवकर वाळतो, ही अडचण होती. म्हणून त्याचं यंत्र ब्रेड कापून लगेच कागदात गुंडाळायचंही.

आमच्या समोर बशीत ब्रेडच होता. आईनं एक तुकडा उचलला, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. "एकसारखा आहे खरा," म्हणाली. मग म्हणाली, "मी कापायचे तेव्हा पहिला तुकडा नेहमी जाड व्हायचा."

ती कापायची, हे म्हणताना तिचा आवाज बदलला ते मला कळलं. कारण सुरी तिच्या हातातून मीच काढून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी तिचं बोट खोलवर कापलं, तेव्हापासून सुऱ्या वरच्या खणात गेल्या. मग हळूहळू गॅसही माझ्याकडे आला, मग कुकर, मग सगळंच स्वयंपाकघर. काळजीपोटी केलं, पण केलं. स्वयंपाक मला धड येत नव्हता. चाळीस वर्षं ज्या बाईनं घर जेवू घातलं, ती टेबलाशी बसून माझा कच्चा भात निमूट खायची.

त्या दिवशी एक जुनी जाडजूड वही काढली आणि ठरवलं की डाव्या पानावर त्या दिवशी जगात काय झालं ते लिहायचं आणि उजव्या पानावर आईनं मला आज काय शिकवलं ते. रोज एक आणि एकच. अट आईची होती. "मी तुला फुकट नाही शिकवणार. तू मला एक गोष्ट सांग, मी तुला एक सांगते."

पहिला धडा भाताचा. मला वाटलं होतं ती माप सांगेल. तिनं माप सांगितलं नाही. "तांदूळ धू, वीस मिनिटं भिजू दे, पाणी तांदळाच्या वर बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. आणि आता गॅस लावून गप्प उभी राहा. फोन ठेव. ऐक."

काय ऐकायचं ते मला कळेना. तिनं खुर्ची ओट्याजवळ ओढून घेतली आणि मान खाली घालून बसली. थोड्या वेळानं पातेल्यातून बारीक सूं सूं असा आवाज यायला लागला. मी झाकण उघडायला गेले, तर तिनं हात धरला. "हे उकळणं नाही. हे पाणी कुरकुरतंय. अजून वेळ आहे." तिचं म्हणणं मी नंतर पडताळून बघितलं आणि ते अगदी बरोबर निघालं. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वरच्या गार पाण्यात येऊन फुटतात, आणि फुटण्याचा तो आवाज असतो. सगळं पाणी तापलं की बुडबुडे न फुटता वर येतात आणि आवाज खाली उतरतो, जाड होतो. तेव्हा खरं उकळलं. जोरात आवाज म्हणजे उकळी, असं मी जन्मभर समजत आले होते.

मग आच कमी. मग खदखद, मग खदखदीच्या मध्ये विराम पडायला लागतात, मग अगदी शेवटी तळातून कागद चुरगाळल्यासारखी चर्र ऐकू येते. "बंद कर." ती चर्र दोन क्षणांची असते. ती ऐकू आली की पाणी आटलेलं असतं आणि करपायला अजून सुरुवात झालेली नसते. नंतर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मला हे साधायला नऊ दिवस लागले. वहीत उजव्या पानावर नऊ वेळा लागोपाठ "भात" लिहिलेलं आहे.

डाव्या पानाची खरी कसोटी २० जुलैला लागली. मी मोठ्या उत्साहानं वाचलं, "२० जुलै १९६९. माणूस चंद्रावर उतरला."

"चूक," आई म्हणाली.

"आई, सगळीकडे हेच लिहिलंय."

"लिहिलं असेल. एकवीस तारीख होती आणि सोमवार होता. मला कॉलेजला जायचं होतं. सकाळी रेडिओभोवती सगळे गोळा झाले, आणि दूध उतू गेलं. माझी आई कधी दूध उतू जाऊ द्यायची नाही. तेवढं एकदाच गेलं."

मी हिशोब केला. यान उतरलं ते जागतिक प्रमाणवेळेनुसार २० जुलैला रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी. भारतात तेव्हा २१ तारीख उजाडून पावणेदोन वाजून गेले होते. आर्मस्ट्राँगनं पाऊल ठेवलं ते त्यानंतर साडेसहा तासांहून अधिक वेळानं, म्हणजे भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. आणि २१ जुलै १९६९ ला सोमवारच होता. अमेरिकेत मात्र अजून रविवारची रात्र संपली नव्हती. आईची तारीख तिच्या घड्याळाप्रमाणे बरोबर होती आणि छापलेली तारीख अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे.

तेव्हापासून मी डाव्या पानाला दोन भाग केले. वरती जगातलं, खालती घरातलं. घरातली तारीख आई सांगणार. तिला सन आठवत नाही असं होतं, पण त्या दिवशी चुलीवर किंवा गॅसवर काय होतं ते आठवतं आणि मग धागा धरून सन सापडतो. पहिला कुकर घेतला ती तारीख तिनं अशीच शोधली. धाकट्या काकांची परीक्षा, त्यांचा डबा, डब्यात घाईघाईनं शिजवलेली डाळ, म्हणजे कुकर आलेला होता.

६ ऑगस्टला काय लिहावं ते मला ठरवता येईना. दिनविशेषांच्या याद्यांमध्ये लढाया आणि मृत्यू फार असतात, आणि सकाळी सकाळी आईला ते ऐकवावं का, असा प्रश्न पडायचा. मी काहीतरी सौम्य शोधत होते. तिनंच विचारलं, "आज हिरोशिमा ना?" मग वाचलं. १९४५, सकाळी सव्वाआठ. हिरोशिमाच्या शांती संग्रहालयात एक डबा ठेवलेला आहे. शाळेतल्या एका मुलाचा, वाकलेला, आतलं जेवण जळून कोळसा झालेलं. त्याचा मृतदेह त्याच्या आईला सापडला, तेव्हा तो डबा त्याच्यापाशीच होता. त्यानं तो खाल्लेला नव्हता.

आई बराच वेळ बोलली नाही. आमच्या घरात तिनं हजारो डबे भरलेत. मग म्हणाली, "आज काही शिकवत नाही. तू डाळ-भात कर. मी बसते." त्या दिवशीचं उजवं पान कोरं आहे. ते कोरंच ठेवायचं तिनं सांगितलं.

२२ ऑगस्ट हा दनी पापाँचा जन्मदिवस, साल १६४७. कुकरचा हा पूर्वज माणूस. फ्रान्समध्ये जन्मलेला पण लंडनला काम करणारा. त्यानं १६७९ मध्ये घट्ट झाकणाचं एक जाड भांडं बनवलं, ज्यात वाफ कोंडली की हाडंसुद्धा मऊ व्हायची. भांडं फुटू नये म्हणून जादा वाफ सोडणारी झडपही त्यानंच बसवली. १२ एप्रिल १६८२ ला त्यानं रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सभासदांना या भांड्यात शिजवून रात्रीचं जेवण दिलं. जेवायला हजर असलेल्या जॉन एव्हलिननं रोजनिशीत लिहून ठेवलंय की बैलाची-बकऱ्याची जून हाडं चीजसारखी मऊ झाली होती.

"झडप आधी की भांडं आधी?" आईनं विचारलं. प्रश्न नेमका होता. कारण कुकरची भीती मला शिट्टीची नव्हती, झडपेची होती. लहानपणी आमच्या घरी एकदा कुकरची झडप वितळून उडाली होती आणि छतावर डाळीचा डाग पडला होता. तो डाग घर रंगवेपर्यंत होता. आईनं त्या दिवशी मला कुकर उघडा करून बोटांनी शिकवला. झाकणाची रबरी रिंग काढून ती ताणून बघायची, चरे पडलेत का ते नखानं तपासायचं. शिट्टीच्या नळीतून फुंकर मारायची, हवा आरपार गेली पाहिजे. डाळ घातली असेल तर भांडं अर्ध्याच्या वर भरू द्यायचं नाही, कारण डाळीचा फेस नळीत जाऊन बसतो. झडप वितळली त्या दिवशी हेच झालं होतं. नळी बंद, वाफेला वाट नाही, मग झडप गेली. म्हणजे झडपेनं तिचं काम केलं होतं. मी तीस वर्षं त्या झडपेला घाबरत आले होते आणि खरं तर तिनंच आम्हाला वाचवलं होतं.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, कितीही आच वाढवा. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून ते १२० अंशांच्या आसपास जातं. एवढ्या वीस अंशांनी तासाभराची डाळ पंधरा मिनिटांत होते. हे मी शाळेत शिकले होते. पण पातेलं आणि कुकर शेजारी शेजारी ठेवून, दोन्हीत एकाच मुठीतली डाळ घालून, आईनं दोन्हीतला दाणा माझ्या बोटांत चिरडायला लावला तेव्हा ते कळलं.

शाळेत न शिकलेलं एक सांगते. २७ नोव्हेंबरला सेल्सियसचा जन्मदिवस, १७०१. अंडर्स सेल्सियसनं १७४२ मध्ये तापमानाची पट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर धरलं होतं. आज आहे त्याच्या बरोब्बर उलट. ती नंतर फिरवली गेली. आईला हे इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस चहा ठेवला की ती विचारायची, "शून्यावर आलं का?"

डिसेंबरच्या शेवटी फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर आला. जन्म २७ डिसेंबर १८२२. त्याच्यासाठी मी दही लावायला शिकण्याची वेळ साधली. मला वाटायचं पाश्चरनं दुधावर प्रयोग केले. तसं नाही, त्याचं तापवण्याचं काम सुरू झालं ते वाइन आंबू नये म्हणून. दुधाला ती पद्धत नंतर लागू झाली. आणि ती उकळण्याची पद्धत नाहीच. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवलं तरी रोगजंतू मरतात. चव मात्र फारशी बदलत नाही.

दह्यासाठी आईचं तापमापक करंगळी. दूध तापवून निवू द्यायचं. मग स्वच्छ करंगळी बुडवून दहापर्यंत मोजायचं. पाचाच्या आत बोट काढावंसं वाटलं तर दूध अजून गरम आहे, विरजण मरेल. दहा झाले आणि ऊब जाणवतही नाही, तर उशीर झाला, लागायला रात्र पुरणार नाही. दहापर्यंत बोट सुखानं राहावं आणि तरी ऊब कळावी, ती वेळ. मी एकदा स्वयंपाकाचं तापमापक आणून तिच्या करंगळीच्या वेळेला मोजलं. ४३ अंश. दुसऱ्या दिवशी ४२. तिसऱ्या दिवशी पुन्हा ४३. मी वहीत तिन्ही आकडे लिहिले आणि तिला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण दुपारी तिच्या बहिणीला फोनवर सांगताना ऐकलं.

५ जानेवारी १८५८ ला एझ्रा वॉर्नर नावाच्या अमेरिकन माणसाला डबा उघडण्याच्या हत्याराचं पेटंट मिळालं. पत्र्याच्या डब्याचं पेटंट पीटर ड्युरँडनं इंग्लंडमध्ये घेतलं होतं २५ ऑगस्ट १८१० ला. मधली सत्तेचाळीस वर्षं लोक छिन्नी-हातोडीनं डबे फोडत होते. यावर आई म्हणाली, "आधी वस्तू करतात, मग ती वापरणाऱ्याचा विचार करतात." ती हे डब्याबद्दल म्हणाली नव्हती. आमच्या स्वयंपाकघराबद्दल म्हणाली होती. सगळे डबे एकसारखे, सगळ्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्या तिला वाचता येत नाहीत.

म्हणून जानेवारीत आम्ही स्वयंपाकघर पुन्हा लावलं. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन. हळदीचा डबा गोल, तिखटाचा चौकोनी, कारण या दोघांची अदलाबदल परवडत नाही. गॅसवरच्या भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला. भात गडद रंगाच्या ताटात, डाळ पांढऱ्या वाटीत. ही शेवटची गोष्ट मला फार उशिरा सुचली याचं वाईट वाटतं. पांढऱ्या ताटात पांढरा भात ती दोन वर्षं चाचपडत जेवत होती. गडद ताट दिलं त्या दिवशी तिनं भाताची कड डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितली आणि चमचा सरळ तिथेच नेला.

योगायोगानं त्याच आठवड्यात २३ जानेवारी आली. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांचा जन्म, १८९७, व्हिएन्ना. वास्तुरचनाकार. १९२६ मध्ये त्यांनी फ्रँकफर्ट शहरातल्या कामगारवस्तीसाठी एक स्वयंपाकघर आखलं, अंदाजे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. बाई चुलीपासून मोरीपर्यंत किती पावलं चालते, हात कुठे पोचतो, याचा विचार त्यात होता. पीठ, तांदूळ, साखर यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे खण होते, बाहेर ओढून थेट ओतता येतील असे. पुढे नाझींविरुद्ध काम केलं म्हणून १९४१ मध्ये त्यांना अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंत त्या तुरुंगात होत्या. १८ जानेवारी २००० ला गेल्या, एकशे तीन पुरे व्हायला पाच दिवस कमी.

आईनं मला चहा करायला लावला आणि स्वतः पावलं मोजली. मी चालते, ती मोजते. एकवीस. फ्रीज, ओटा, कपाट, पुन्हा ओटा. साखर-चहापत्ती गॅसच्या डावीकडे, कपं उजवीकडे आणली तेव्हा नऊ झाली. मग ती म्हणाली, "आता मी करते." मी दाराशी उभी राहिले. तिनं भांड्यात पाणी घेतलं ते नळाच्या आवाजावरून, भांडं भरत जातं तसा आवाज बारीक होत जातो. गॅसचा खटका खट् वाजला, मग फुस्स. माझे हात घट्ट मिटलेले होते. चहा गाळताना थोडा बशीत सांडला, बाकी सगळा कपात. दोन वर्षांनंतरचा तिच्या हातचा पहिला चहा.

१२ फेब्रुवारीला डार्विन, १८०९. त्याच दिवशी त्याच साली अब्राहम लिंकनही जन्मला, पण आम्हाला डार्विन हवा होता, कारण बटाटे. मार्च १८३५ मध्ये तो अँडीज पर्वत ओलांडत होता. उंचावर एका मुक्कामी बटाटे कित्येक तास उकळले, पातेलं रात्रभर आगीवर ठेवलं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी बटाटे कच्चेच. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, हे डार्विनला ठाऊक होतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. त्याच्याबरोबरचे दोघे सोबती मात्र आपसात बोलताना त्यानं ऐकले. त्यांचा निष्कर्ष असा, की हे मेलं भांडंच नवं आहे आणि त्याच्या मनात बटाटे शिजवायचं नाही.

आई खळखळून हसली. बऱ्याच महिन्यांत तसं हसली नव्हती. मग गंभीर होऊन म्हणाली की त्या दोघांचं अगदीच चूक नाही. नवं भांडं तिलाही कधी पहिल्या दिवशी साथ देत नाही. हात बसावा लागतो, भांड्याचा तळ कुठे जास्त तापतो ते कळावं लागतं. त्या दिवशी तिनं मला बटाटा शिजला की नाही ते सुरी न खुपसता ओळखायला शिकवलं. चमच्यावर उचलायचा आणि साल बघायची. पाण्यातून वर येताच सालीवरचं पाणी चटकन वाळलं, तर आत गरम, शिजलेला. मी अजून यात चुकते. आई सालीवरची वाफ गालाजवळ घेऊन ओळखते आणि चुकत नाही.

एप्रिलमध्ये मी एक मोठी चूक केली. २३ एप्रिल १६१६ ला शेक्सपियर आणि स्पेनचा सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले, असं लिहिलं आणि वाचलं. आईला फार आवडलं. दोन मोठे लेखक, एक दिवस. तिनं चार जणांना सांगितलं. आठवड्यानं मला कळलं की हे खरं नाही. सर्व्हांटिस वारला २२ ला, २३ ला त्याचं दफन झालं. आणि स्पेननं १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं होतं, ते ज्यात ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. इंग्लंडनं ते घेतलं १७५२ मध्ये. म्हणजे इंग्लंडातला २३ एप्रिल हा स्पेनमधला ३ मे. दोघांच्या तारखा जुळल्या, दिवस जुळले नव्हते. अशाच कारणानं न्यूटनचा जन्म कुणी २५ डिसेंबर १६४२ लिहितं, कुणी ४ जानेवारी १६४३, आणि दोन्ही बरोबर.

मला ते पान फाडून नवं लिहायचं होतं. आई म्हणाली, "फाडू नकोस. खाली लिही, कधी कळलं ते पण लिही." आणि मग तिनं त्या चारही जणांना फोन केले. एकेकाला नीट सांगितलं, दहा दिवसांचा फरक समजावला. दोघांना त्या गोष्टीची आठवणही नव्हती. तिला त्याचं काही नाही. आपण सांगितलेलं चूक होतं, तर दुरुस्त करायचं. त्यानंतर मी कुठलीही तारीख दोन ठिकाणी बघितल्याशिवाय वहीत घातलेली नाही.

मे-जून घाईत गेले. माझं काम वाढलं. काही दिवस डाव्या पानावर एक ओळ, उजव्या पानावर "कालचंच". आई रागावली नाही. तिनं त्या दिवसांत स्वयंपाक बराचसा स्वतःच केला, मी फक्त चिरून द्यायचे. फोडणीला तेल तापलं की नाही ते ती मोहरीच्या एका दाण्यावरून ऐकते.

यंदाच्या ७ जुलैला वही पहिल्या पानाशी आली. डाव्या पानावर चिलिकोथी आणि रोवेडर, खाली जागा शिल्लक. मी त्यात भर घातली. १८ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत युद्धामुळे कापलेल्या ब्रेडवर बंदी आली आणि ८ मार्चला ती उठवली गेली. घरोघरच्या बायकांना सकाळच्या घाईत ते निभत नव्हतं.

"म्हणजे त्या सात आठवडे हातानं कापत होत्या," आई म्हणाली. "जा, न कापलेला ब्रेड घेऊन ये."

आणला. तिनं हात पुढे केला. मी वरच्या खणातून दाते असलेली लांब सुरी काढली आणि मूठ तिच्या बाजूला करून दिली. तिनं डाव्या हाताची बोटं आत दुमडून ब्रेडवर ठेवली, सुरीचं पातं पेरांना टेकवलं, मान डावीकडे वळवली. कापताना ती बघत नव्हती. सुरीचा आवाज बदलायची वाट बघत होती. वरचं कडक कवच कापलं जाताना खरखर, आत मऊ लागलं की काहीच नाही, आणि खाली पुन्हा खरखर, मग लाकडाचा ठोका. मी ओट्याच्या कडेला धरून उभी होते. मध्ये एकदा तिला "हळू" म्हणाले, तर तिनं सुरी थांबवली, माझं बोलणं संपू दिलं आणि मग पुढे कापायला लागली.

उजव्या पानावर लिहिलं आहे : "७ जुलै. ब्रेड आईनं कापला. आठ तुकडे. पहिला जाड."